तलावात बुडवलेलं लोखंड

माझी नोकरी भर समुद्रातली, हे आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या केशोरीकडच्या लोकांना शेवटपर्यंत खरं वाटलं नाही. धानाच्या बांध्यांतून उठून गेलेला माणूस पाण्यात उभ्या केलेल्या लोखंडी मचाणावर राहतो, तेलाच्या नळांना वेल्डिंग करतो आणि चौदा दिवसांनी हेलिकॉप्टरनं परत येतो, हे ऐकून माझी मावशी म्हणायची, "फेकून राहिला पोट्टा."

माझ्या नोकरीच्या शेवटी शेवटी आमच्या मचाणाखालचं तेल संपलं आणि ते बंद पडलं. आता या सांगाड्याचं करायचं काय, यावर साहेब लोकांचे वाद सुरू झाले. एक म्हणे, कापा आणि भंगारात घाला. दुसरा म्हणे, काही देशांत वरचा भाग कापून खालचे पाय पाण्यातच ठेवतात, त्यावर शिंपले चढतात, मासे राहायला येतात. त्यानं पाणबुड्यांनी काढलेला व्हिडिओ आम्हाला जेवणाच्या खोलीत दाखवला. ज्या सांगाड्याला मी वर्षानुवर्षं ठिगळं लावली, त्याच्या पायांभोवती माशांची जत्रा भरली होती! खोटं कशाला सांगू, माझी छाती फुगली. वादाचा निकाल लागायच्या आत मी निवृत्त झालो, पण गावी आलो तो ही जत्रा डोक्यात घेऊनच.

गावात माझा एकच जिवाभावाचा दोस्त. आम्ही एका बाकावर शिकलो. तो ढिवर, गावच्या तलावात मासे धरणारा. फेकायचं जाळं त्याच्याइतकं गोल कोणी उघडत नसे. अरुंद लाकडी डोंग्यावर उभा राहून कंबरेतून असा वळायचा की जाळं हवेतच ताटासारखं पसरायचं. त्याचं घर त्या जाळ्यावर चालत होतं.

एकदा तो पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बसून कुरकुरला, "बीज सोडतो, पण मासोळी टिकून नाई राहिली गा. लपाले जागाच नाई तिले."

झालं! मला एवढंच पाहिजे होतं. मी त्याला समुद्रातली सगळी कथा ऐकवली आणि म्हणालो, आपण तलावात लोखंड टाकू.

"लोखंड कायले? आम्ही फांद्या टाकतो नं," तो म्हणाला. "जाळं ओढाच्या आधी काढून घेतो. पण तिथं समुद्रात..."

मी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. "हा तलाव माझ्या पूर्वजांनी बांधला. तू मला पाण्यातलं शिकवतो का?"

आमच्या लोकांनी या भागात तलाव बांधले, हे खरं. पण माझ्या बापानं, आज्यानं कधी तलावात गुडघ्याच्या वर पाय घातला नव्हता. आम्ही पाळ बांधणारे, पाण्यातलं जगणं दोस्ताच्या लोकांचं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. त्याचं तोंड उतरलं, तो उठून गेला, आणि मी मात्र आपलंच घोडं दामटलं. मत्स्य सोसायटीच्या लोकांनाही व्हिडिओचं वर्णन करून करून पटवलं.

उन्हाळ्यात पाणी खाली गेलं तेव्हा चिखलणीची जुनी लोखंडी चाकं, मोडक्या मळणी यंत्राचा सांगाडा आणि काही पाइप मी एकाला एक जोडले. ट्रॅक्टरनं ओढत नेऊन ते धूड मधल्या, कधी न आटणाऱ्या डोहात ढकललं. एका पत्र्याची कड धारदार राहिली होती. समुद्रावर अशी कड सोडली असती तर फोरमननं मला परत घासायला लावली असती. इथं कोण बघतं, म्हणून सोडली.

पावसाळ्यात तलाव भरला, आणि हिवाळ्यात खरोखरच तिथं रोहू आणि मरळ दिसू लागले. लोक म्हणाले, वा बाप्पा! मी बाजाराच्या दिवशी मिशीला पीळ देत फिरलो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे तेव्हा कोणी कानात सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

उन्हाळा लागताच सोसायटीनं मोठं जाळं ओढायला घेतलं. ते माझ्या लोखंडात अडकलं. नवं जाळं फाटेल म्हणून दोस्त सोडवायला खाली गेला. वर आला तेव्हा त्याच्या उजव्या तळहातातून रक्ताची धार लागली होती. पत्र्याच्या त्या कडेनं अंगठा वळवणारी शीर कापली होती. गोंदियाच्या डॉक्टरनं टाके घातले, पण अंगठा वळला नाही तो नाहीच.

आता त्याची बायको दुसऱ्यांचे मासे विकत घेऊन आठवडी बाजारात बसते. डोहात मासे भरपूर आहेत, पण तिकडे जाळं घेऊन कोणी जात नाही. ते लोखंड काढायचं तर खाली जाऊन दोर बांधावा लागेल, त्यालाही कोणी पाण्यात उतरायला तयार नाही, आणि मला पोहता येत नाही. इतकी वर्षं समुद्रावर काढली, पण पोहायला शिकलो नाही.

मी रोज त्याच्याकडे जातो. तो मला हाकलत नाही, याचाच जास्त त्रास होतो. परवा त्यानं तलावावर डाव्या हातानं जाळं फेकून पाहिलं. ते गोळा होऊन काठाशीच पडलं. मला तिथून पळून जावंसं वाटलं. त्यानं ते ओढून घेतलं, माझ्या शेजारी बसला.

"एक सांग गा. तिथं समुद्रात, त्या लोखंडी पायांत जाळं कसे टाकत होते?"

मचाणाजवळ मासेमारीच्या होड्यांना येऊच देत नव्हते. एखादी आली की आमची राखणीची बोट भोंगा वाजवत तिला हाकलायची. कठड्यावर उभा राहून मी स्वतः ओरडलो आहे. ते मासे निव्वळ लोखंडामुळे नाही, तिथं जाळं पडत नव्हतं म्हणूनही वाचले होते. आणि हे मला आज, त्यानं विचारल्यावर सुचत होतं.

"तिथं जाळं टाकूच देत नव्हते," मी म्हणालो.

त्यानं जाळं खाली ठेवलं.

"मी तवा पाळीवर हेच विचारून राहिलो होतो," तो म्हणाला. "मले बोलू द्याचं होतं नं गा."