विहिणीच्या अंगणातली होळी

माझी विहीण पेगन आहे. म्हणजे नेमकं काय, हे मुलीचं लग्न ठरेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. "तिने चर्च सोडलंय, ती निसर्गाला मानते," असं मुलीने सांगितलं तेव्हा मी मनातून खूश झाले होते. आम्ही नागपूरचे बौद्ध. देवधर्म सोडलेलं माणूस मला लगेच आपलं वाटतं. पण ही बाई एक सोडून दुसरं घट्ट धरून बसलेली निघाली. पौर्णिमेला पाण्याची बाटली अंगणात ठेव, दाराला वाळक्या पानांची जुडी बांध, कांद्याच्या सालीत अंडी उकळून त्यांना रंग दे. नवससायास टाळण्यासाठी सात समुद्र ओलांडून यावं आणि ते विहिणीच्या रूपाने पुढ्यात उभे राहावेत, याला काय म्हणायचं!

मार्चमध्ये दिवस आणि रात्र सारखे होतात तेव्हा तिच्याकडे वसंताचं स्वागत असतं. ओहायोतल्या डब्लिनच्या बाहेर, गावाच्या टोकाला तिचं घर आहे आणि मागे भलंमोठं अंगण. आमच्याकडे तेव्हा वसंत कुठला? नुसता चिखल आणि हाडं गोठवणारा वारा. दोन वर्षं मी काही ना काही सबब सांगून टाळलं. गेल्या वर्षी मुलीने फोन केला. "आई, प्लीज, जस्ट वन्स. माझ्यासाठी ये." नवऱ्याने गुडघा पुढे केला आणि घरी टीव्हीसमोर बसला. मी एकटी ड्राइव्ह करत गेले.

अंगणात पंधरा-वीस माणसं होती. कुणी ढोलकं बडवत होतं, कुणी डोक्याला वेली गुंडाळल्या होत्या. जावई लाकडं रचत होता. आणि मधोमध गवताची बाई उभी होती. बाईच. तिला छाती होती, कंबर होती, सुतळीच्या वेण्या होत्या. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

आमच्या घरात होळी कधी पेटली नाही. वडील म्हणायचे, बाईला जाळून कसला सण करायचा? ते वाक्य मी मुलीला बाराखडीच्या आधी शिकवलं. इथल्या मराठी मंडळाच्या होळीला शेजारच्या काकू दरवर्षी बोलवायच्या आणि मी दरवर्षी नाही म्हणायचे, कारणासकट. काकूंनी शेवटी बोलावणं बंद केलं, पण माझं म्हणणं त्यांना ऐकावं लागलं.

विहीण हसतमुखाने पुढे आली. आधी छातीवर दोन्ही हात ठेवले, मग मला मिठी मारली आणि न विचारता सगळं समजावून दिलं. ही म्हणजे हिवाळा. हिला जाळलं की वसंत येतो. आणि जाळण्याआधी प्रत्येकाने हिच्या अंगावर आपली एक वस्तू चढवायची. कसली वस्तू, मी विचारलं. जिच्यापासून तुम्हाला कायमचं मोकळं व्हायचंय ती, विहीण म्हणाली. तिने उत्साहाने दाखवलंसुद्धा. हा एकीच्या सोडलेल्या नवऱ्याचा मफलर, हे सिगरेटचं पाकीट, हा हॉस्पिटलातला हातातला पट्टा.

मफलरच्या खाली खांद्यापासून पायापर्यंत पांढरं सुती कापड गुंडाळलेलं होतं. बारीक निळी किनार. मी जवळ गेले. खांद्यावर पिनेच्या गंजाचा डाग होता. तो मी लिंबू लावून, मीठ चोळून कितीदा काढायला बघितला होता.

ती माझ्या लग्नातली साडी होती. आमच्यात नवरी पांढरं नेसते. वस्तीबाहेरची एक ओळखीची बाई मांडवात येऊन म्हणाली होती, "लग्नात पांढरं? पोरीला विधवा करायचंय का?" माझ्या आईने सगळ्यांदेखत तिला सुनावलं, "तुमच्या पांढऱ्याचा अर्थ तुमच्याजवळ ठेवा." ती साडी मी मुलीला तिच्या लग्नात दिली. वंदनेपुरती अर्धा तास ती नेसली, मग गाऊन घातला.

मी मफलर काढून चिखलात टाकला आणि साडी सोडवायला लागले. पिना बोटात घुसल्या. गवत सुटून माझ्या जॅकेटवर पडायला लागलं. ढोलकं थांबलं. विहीण हळू आवाजात म्हणाली की तुमची भावना आम्ही समजतो, पण साडी जाण्याआधी आपण सगळे मिळून तिचे आभार मानूया का? तिने डोळे मिटलेसुद्धा. मी तिला मराठीतच सांगितलं, "बाई, गप्प बसा जरा."

मुलगी धावत आली. "आई, स्टॉप. सगळे बघतायत."

"बघू देत. ही वस्तू तू दिलीस?"

"हो."

"चुकून?"

तिने चिखलातला मफलर उचलला. मग म्हणाली, "नो. चुकून नाही."

"माझ्यापासून मोकळं व्हायचंय तुला?"

"तुझ्यापासून नाही, आई. फाइटपासून. तू प्रत्येक ठिकाणी भांडतेस. मंडळात, शाळेत, माझ्या वेडिंगला केटररशीसुद्धा. यू वेअर राइट, मोस्टली. पण मी दमले यार. मला कुठेतरी नुसतं जायचंय, जेवायचंय, घरी यायचंय."

"आम्ही भांडलो म्हणून तू नुसती जाऊ शकतेस," मी म्हटलं.

"आय नो. ती साडी म्हणजे तीच फाइट, म्हणूनच तर ती दिली."

तोंडाळ म्हणून ख्याती असलेली बाई मी. नुसता साडीचा बोळा काखेत मारला आणि गाडीकडे निघाले. मागे ढोलकं पुन्हा सुरू झालं. आरशात जाळ दिसत होता. मुलगी मागे आली नाही.

साडी मी धुतली, इस्त्री केली आणि कपाटात ठेवली. मुलगी दर रविवारी फोन करते. जावयाचं काम, बाबांचा गुडघा, पाऊस पडला का. मध्ये एकदा तिने सांगितलं की सासूबरोबर होळीच्या पार्टीला गेली होती, मंडळाच्याच. पूर्वी मी तिला तासभर सोडलं नसतं. मी म्हटलं, "बरं. थंडी होती का?" ती म्हणाली, "थोडी." त्या दिवसापासून आम्ही एकदाही भांडलेलो नाही. साडी न जाळताच तिला हवं ते मिळालं, आणि त्या विहिणीला मी या जन्मात माफ करणार नाही.