आलोच

भाजीवाल्या मावशींच्या हातगाडीपाशी स्कूटर लावून मी यादी हातात घेऊन औषधाच्या दुकानाकडे निघाले. दुकानासमोरच्या उतारावर एक गाडी उभी होती. इंजिन चालू, काच अर्धी खाली, आणि चालकाच्या सीटवर गुडघे टेकून चारेक वर्षांची मुलगी स्टिअरिंग फिरवत होती.

"बाबा कुठे गं?"

"औषध आणायला. आलोच म्हणाला."

तिचा हात गिअरकडे गेला. मी खिडकीतून तो धरला आणि ओरडले, "गाडी कुणाची?" रांगेतून एक जण धावत आला.

"अहो ताई, दोनच मिनिटं. तिला उकडू नये म्हणून एसी चालू ठेवला. काच तिनेच खाली केली असणार."

"मग तिला सोबत न्या. गाडी उतारावर आहे."

त्याने किल्ली काढून लेकीला कडेवर घेतलं. ती म्हणाली, "बाबा, तू आलोच म्हणालास, पण आलाच नव्हतास."

खरंच, आपण पाऊल उचलण्याआधीच परत आल्याचं सांगून मोकळे होतो. आलेलोच आहोत, तर गाडी बंद कशाला करायची? मधली मिनिटं आपल्या लेखी नसतातच. गाडीत बसलेल्या माणसासाठी मात्र ती असतात, आणि उतारही असतो.

औषध घेऊन मी यादीवर खूण करत होते, तेवढ्यात मावशींची हाक आली, "ओ ताई, तुमची गाडी पण चालूच हाय की! माझ्या टोमॅटोवर येईल ना!"

"आलेच," मी म्हणाले, आणि जीभ चावली.