किनाऱ्यावरचा नंबर

रेवदंड्याच्या बंदराकडे जाणाऱ्या वाटेवर माझं शिवणकामाचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर. आम्ही मूळचे श्रीवर्धनकडचे. नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आलो तेव्हा या कोळीवाड्यात मला कुणी ओळखत नव्हतं, आणि मलाही सुक्या मासळीच्या वासाने दोन महिने जेवण गेलं नव्हतं. हे मी आता शेजारणीसमोर बोलत नाही. बोलले तर ती मला बोंबलाच्या काठीवर वाळत घालेल.

त्या काळी आमच्या आळीत मोबाइल होता तो माझ्याकडे. कुणाचं बँकेत खातं उघडायचं असो, गॅसचा अर्ज असो की पोराचा शाळेचा फॉर्म, मोबाइल नंबरच्या रकान्यात सगळ्यांनी माझा नंबर लिहिला. पुढे घरोघरी फोन आले, तरी रकान्यातला नंबर बदलला नाही. कारणही होतं. पुरुषमाणसं सहा-सहा, सात-सात दिवस समुद्रात, तिथे रेंज नाही. बायका पहाटे टोपल्या घेऊन अलिबागच्या बाजारात. कुणाचा फोन पाण्यात पडायचा, कुणाचं रिचार्ज संपायचं, कुणी नव्या स्कीमपायी सिमच बदलायचं. माझा नंबर मात्र पहिल्या दिवसापासून तोच. कोळीवाड्यात त्याला ‘किनाऱ्यावरचा नंबर’ म्हणत.

त्यामुळे माझा फोन दिवसभर टुणटुणत असे. याचा सिलिंडर निघाला, त्याचा हप्ता कापला गेला, हिच्या लेकीचा परीक्षेचा नंबर आला. मी मशिनवरून उठायचे आणि कुंपणावरून ओरडून निरोप द्यायचे. कुणाच्या खात्यात किती आहे हे मला ठाऊक असायचं आणि ते माझ्या पोटातच राहायचं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं माझा नवरा म्हणतो, पण या एका बाबतीत त्यालाही मी कधी काही सांगितलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी मी व्हॉट्सअॅपवर एक ग्रूप काढला. कुठली होडी गेली, कुठली आली, ते मी रोज त्यावर टाकायचे. होडीचं नाव, तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख कोण, खलाशी कोण. बंदराच्या वाटेवर दुकान, त्यामुळे येणारा-जाणारा माझ्या नजरेतून सुटत नसे. बाजारात बसलेल्या बायकांना त्याचा फार उपयोग व्हायचा. त्या मला दुवा द्यायच्या आणि मी फुगायचे. खोटं कशाला सांगू, मला ते फार आवडायचं.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. शेजारणीचा नवरा तांडेल आहे. सोमवारी त्याची होडी गेली. बुधवारी दुपारी शेजारीण कुंपणापाशी आली. एका हातात फोन, दुसऱ्या हातात बँकेचं कार्ड.

“ताई, आलाय का गो नंबर?”

आला होता. सहा आकडे. मी नेहमीसारखे वाचून दाखवले. तिने ते फोनवर सांगितले. मिनिटभराने पुन्हा, “आनखी एक आलाय बघ.” तोही वाचला. मी कुणाचा फोन म्हणून विचारलंसुद्धा नाही. मशिनवर एका लग्नाचे ब्लाउज होते आणि मुहूर्त रविवारचा होता.

त्या संदेशांखाली इंग्रजीत लिहिलेलं असतं, हा नंबर कुणालाही सांगू नका. मी तो इतक्या वर्षांत हजारदा सांगितला होता. ज्याचा नंबर त्यालाच सांगते, मग त्यात चूक काय, असा माझा हिशोब.

तिसरा संदेश आला तो मी वाचला आणि सुई हातातच राहिली. खात्यातून पैसे गेले होते. होडीच्या इंजिनासाठी नवरा-बायकोने दोन मोसम साठवलेले. ज्याचं नुकसान त्याच्या आधी ते मला कळलं होतं. कुंपण दहा पावलांवर आहे. ती दहा पावलं टाकताना मला देव आठवले, आईबाप आठवले.

शेजारीण आधी हसली. तिला वाटलं मी चेष्टा करते. मग खाली बसली. फोनवरचा माणूस फार गोड बोलला होता म्हणे. वादळातल्या नुकसानीची सरकारी भरपाई मंजूर झालीय, तुमचे मिस्टर सोमवारी होडी घेऊन गेलेत, ते येईपर्यंत मुदत संपेल, म्हणून तुम्हाला फोन केला. होडीचं नाव सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं. ती म्हणाली की नंबर शेजारच्या ताईकडे येतो, तर तो म्हणाला, “हरकत नाही, विचारून या, मी थांबतो.” चोर थांबला होता, आणि त्याला फार थांबावं लागू नये इतक्या घाईने मी आकडे दिले होते.

मी तिला तशीच रिक्षात घातली आणि पोलीस ठाण्यात नेलं. तिथल्या पोलीस बाईंनी आधी आम्हाला पाणी दिलं, मग मदतीच्या नंबरवर स्वतः फोन लावून दिला. थोडी रक्कम वाटेत अडवता आली, बाकीची पुढे गेलेली. ज्या नंबरवरून फोन आला तो कुठल्यातरी लांबच्या राज्यातल्या बाईच्या नावावर होता. “तिलाही बहुतेक पत्ता नसेल,” त्या म्हणाल्या, “कुणीतरी अंगठा घेऊन सिम काढलं असेल.” मला त्या न पाहिलेल्या बाईची दया आली. पण माग तिथेच थांबला, आणि मला थांबायचं नव्हतं.

कारण प्रश्न माझ्या डोक्यात घुसला होता. होडी सोमवारी गेली हे त्याला सांगितलं कुणी?

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. मी गुरुवारी सकाळी तडक झेरॉक्सवाल्या चाचांकडे गेले. चाचा वीस वर्षं आखातात होते, परत येऊन इथे दुकान टाकलं. सगळ्या आळीचे फॉर्म तेच भरतात, आधारच्या झेरॉक्स त्यांच्याकडेच निघतात. मी गिऱ्हाइकांसमोर त्यांना वाट्टेल ते बोलले. आमचे कागद विकलेत का, असंही विचारलं. हे लिहितानाही मला लाज वाटते.

चाचांनी मशीन बंद केलं, गिऱ्हाइकांना थोड्या वेळाने यायला सांगितलं आणि माझ्यापुढे स्टूल सरकवलं.

“बाय, गुस्सा नंतर कर. माझ्याकडे कागद हायत, ते खरं. पण कागदावर होडी कधी गेली ते लिवलेलं असतं का?”

मी स्टुलावर टेकले.

“मग ते जिथं लिवलंय तिथं बघायला पायजे. आणि कोणाकोणाला फोन आला ते इचार. तो काय बरोबर बोलला ते नको इचारू. काय चुकला ते इचार.”

आखातात ते मालाच्या गोदामावर होते. कुठला खोका कुठून गहाळ झाला ते असंच शोधायचो, म्हणाले. वाटेत कुठे काय चुकलं ते बघायचं.

मी दुपारभर आळीत फिरले. आणखी पाच जणींना तसाच फोन आला होता. तिघींनी लगेच ठेवून दिला, एकीला खात्याचं कार्डच सापडलं नाही म्हणून ती वाचली. पाचवीकडे मात्र मजा झाली होती. ती सांगताना हसून हसून लोळत होती.

“तो मना बोलतो, तुमचा नवरा सोमवारपासून दर्यावर हाय. आन् नवरा माझा समोर बसून चाय पितोय! मी फोन त्याच्याच हातात दिला. मग त्यानं जी शिवी दिली ना ताई, ती तुना सांगता पन येनार न्हाय.”

मीही हसले. परत चाचांच्या दुकानाकडे निघाले आणि अर्ध्या वाटेत माझे पाय थांबले.

तिच्या नवऱ्याच्या होडीचं इंजिन, तीच बोलता बोलता म्हणाली होती, सोमवारी खाडीच्या तोंडाशीच बंद पडलं होतं. दोरी लावून ती परत ओढून आणली, तीही पलीकडच्या बाजूला लावली, म्हणून मी ती येताना पाहिलीच नाही. मी ग्रूपवर लिहिलं होतं, होडी गेली. आळीत सगळ्यांना ती परतल्याचं ठाऊक होतं; ती समुद्रात आहे असं मानणारी माणसं दोनच होती. एक तो चोर आणि एक मी.

चाचांनी चष्मा लावला आणि ग्रूपमधली नावं एकेक करून खाली सरकवली. आळीतल्या बायका, मुंबईतले नातेवाईक, आणि मग चार नंबर, ना नाव ना फोटो. चौघे एकाच आठवड्यात आत आलेले, आदल्या होळीच्या. तेव्हा मुंबईकरांना पालखीचे फोटो मिळावेत म्हणून बंदरावरच्या बॅनरवर ग्रूपचा तो चौकोनी कोड छापून घेतला होता. छापून घेणारी कोण? मीच. त्या बॅनरचे फोटो कुठे कुठे गेले देव जाणे. तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ, न चुकता, कुणाच्या घरी पुरुष नाही हे मी चोरांना कळवत होते, आणि बायकांचे नंबर तर ग्रूपमध्ये होतेच. तेही फुकट.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.  चाचांनी माझ्या सकाळच्या बोलण्याचा उल्लेखसुद्धा केला नाही. ग्रूप बंद कसा करायचा ते दाखवलं आणि स्वतः उठून चहा आणला. मी माफी मागितली तेव्हा म्हणाले, “अल्ला सगळ्यांचं झाकतो, बाय. चाय पी.” त्यांचे उपकार मी आयुष्यभर विसरणार नाही.

शुक्रवारी मी शेजारणीला खरं सांगितलं. दारात उभं राहून, सगळं. आकडे मी वाचले ते तर होतंच, पण चोराला वाटसुद्धा मीच दाखवली होती. तिने ऐकून घेतलं.  आत गेली आणि दार लावलं. आमच्या आळीत दिवसा कुणी दार लावत नाही.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. कुंपणावर कुणी आलं नाही. ब्लाउज शिवून झाले, तेही एका बाहीला उलटा काठ लागला. मला भीती होती ती एकाच गोष्टीची. होडी परत येताना कोर्लईचं लाइटहाऊस दिसलं की रेंज मिळते, आणि तांडेल पहिला फोन करतो तो किनाऱ्यावरच्या नंबरवर. मावऱ्यासाठी, म्हणजे मासळीसाठी, बर्फाची गाडी सांगायची, टेम्पो सांगायचा. ही रीत मोबाइल आल्यापासूनची. रविवारी शेजारणीच्या नवऱ्याची होडी यायची होती. घरचं सगळं ठीक ना, असं तो हमखास विचारतो. मी काय सांगणार होते? आणि सांगितल्यावर ही माणसं मला आपल्यात ठेवणार होती का? इतक्या वर्षांत मला या आळीने परकी म्हटलं नव्हतं. 

रविवारी दुपारी शेजारीण दुकानात आली. हातात कोलंबीचं ताट. पायरीवर बसली आणि कोलंबी सोलायला लागली. मी मशीन चालवत राहिले, खाली कापडच नव्हतं.

फोन वाजला. तांडेल. “ताई, दोन तासात टेकतो. बर्फ सांगून ठेवा. घरी बरा हाय ना सगला?”

मी फोन कानाशी धरून तिच्याकडे बघितलं. शेजारणीने हात पदराला पुसले आणि फोन माझ्याकडून काढून घेतला.

“आयका. बँकेतला इंजिनाचा पैसा गेला. व्हय, गेला. चोराचा फोन आला, मी कार्डावरचे आकडे वाचले, मी नंबर सांगितला.” पलीकडून तो काहीतरी ओरडत होता. तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, “ताईचा काय? ताई नसती तर उरला तो पन गेला असता. तिनंच मना पोलिसात नेला, चोर कुठनं आला ते पन तिनंच शोधला. तुमी माझ्यावर ओरडा, घरी या आन् काय ते ओरडा. तिला एक शब्द बोलायचा न्हाय.”

तिने एकही गोष्ट खोटी सांगितली नव्हती. फक्त माझ्या वाटणीची चूक उचलून स्वतःच्या टोपलीत टाकली होती.

आता आळीतल्या सगळ्यांचे बँकेचे नंबर ज्याच्या-त्याच्या फोनवर आहेत. एकेकीला मीच बँकेत घेऊन गेले. माझा फोन दिवसभर गप्प असतो, आणि पहिले काही दिवस मला ते घर सुनं झाल्यासारखं वाटलं. ग्रूप बंद झाला तो झालाच. पण लाइटहाऊस दिसल्यावरचा पहिला फोन मात्र अजून माझ्याकडेच येतो. तो बदलायचं कुणी नावसुद्धा काढलं नाही.

त्या रविवारी तिने फोन परत माझ्या हातात दिला तेव्हा मी हुंदके देऊन रडत होते. ती पुन्हा पायरीवर बसली, कोलंबीचं ताट जवळ ओढलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, “रडतेस काय गो? बर्फवाल्याला फोन लाव. मावरा नासंल.”

मी डोळे पुसले आणि फोन लावला.