खोचलेला पदर

"काढू नको साडी. तसाच जा, चहा सांगून ये."

मालक गादीवरून बोलले. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. हुबळीच्या बाजारातलं साड्यांचं दुकान. आणीबाणी उठून वर्षही झालं नव्हतं. गिऱ्हाइकाला साडी दाखवायची म्हणजे आम्ही नोकर ती पँटवरूनच नेसायचो. सगळेच नेसायचे, कुणाला काही वाटायचं नाही. माझी चूक एवढीच, निऱ्या घालून झाल्यावर मी पदर कमरेला खोचला. आई भांडी घासायला बसताना खोचायची, तसा. हात आपोआप गेला.

देशपांडे नगरातल्या एक डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अगंबाई! हा तर बाईच आहे की!"

अण्णांना तेवढंच हवं होतं.

हुबळीतल्याच लॅमिंग्टन रोडच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. शिट्ट्या. टाळ्या. पाय लटपटत होते. नुसतं सोंग असतं तर मीही हसलो असतो. पण ते खरं होतं हो! आता वडलांना, अप्पांना कळणार, ते घरातून हाकलणार.

परत आलो तर सगळ्यात मोठ्यानं हसत होता तो बसू. शेजारच्या काउंटरवरचा. दर रविवारी उणकल तळ्यावर माझा हात हातात घेऊन बसणारा बसू. मुडदा! असा राग आला. मग त्याचे डोळे दिसले. तो माझ्याहून जास्त भ्याला होता.

अण्णांना चटक लागली. आठवड्यानं म्हणाले, "बसू, आज तू नेस."

बसूचं तोंड पांढरंफटक. सगळे माझ्याकडं बघायला लागले. आता हसायची पाळी माझी. हसलो असतो तर सुटलो असतो.

मी पुढं झालो. फळीवरची साडी घेतली, अंगावर टाकली, पदर खोचला. या वेळी मुद्दाम.

"अण्णा, तो जाणार नाही. मीपण नाही."

दुपारीच दोघांना कामावरून काढलं. बसू महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

आता तुम्ही पोरं विचारता, काका, आपल्यासारख्यांची संघटना कशी बांधायची? तुमच्या वेळी काय होतं? डोंबल होतं! भीती होती. अजून आहे, तुमच्या बैठकीला येताना दोनदा मागं वळून बघतो. फलक, पत्रकं काय ती नंतर करा. आपल्यातल्या एकाला बाजारात उभं करतील, तेव्हा त्यांच्याबरोबर हसायचं नाही, एवढं आधी ठरवा.

आणि तेव्हा मला बोलवा. पाय लटपटतील माझे. तरी येणार. पदर खोचून, भर दिवसा, त्याच रस्त्यानं.