खालच्या बिजागरीची पिन

कानामागून आली नि तिखट झाली, ही म्हण आमच्या दुकानातल्या धाकट्या कारागिरासाठीच केली असावी. नवी पेठेमागच्या मोटारदुरुस्तीच्या दुकानात मी मंद्रूपहून येऊन आठ वर्षं घासलेली. तो माझ्यानंतर पाच वर्षांनी आला. विणकराच्या घरातला, घरी तेलुगू बोलणारा. बोटं अशी हलकी, की तुटलेलं सूत सांधावं तसा बारका स्क्रू बसवायचा. आमचे मिस्त्री दिवसभर त्याचंच कौतुक करायचे. हेवा वाटायचा वगैरे गुळमुळीत कशाला बोलू? मी जळत होतो.

त्या साली मिस्त्रींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. दसऱ्याला दुकान दोघांपैकी एकाच्या हाती सोपवतो, असं त्यांनी सांगून टाकलं. हक्क माझा होता. सगळे तसंच म्हणायचे, पण म्हणताना त्याच्याकडं बघायचे.

नवरात्रात दुधनीच्या एका व्यापाऱ्याची जुनी मोटार आली. दार लोंबत होतं. उचलून आपटल्याशिवाय लागायचं नाही, आणि लागलं तरी खड्ड्यात उघडायचं. बिजागऱ्यांची भोकं झिजून लांबट झाली होती. मिस्त्रींनी काम त्याला दिलं. त्यानं भोकांत पितळी बुश, म्हणजे बारक्या नळ्या, बसवले, नव्या पिना घडवल्या, कुलपाची झिजलेली जीभ कानसून सारखी केली. दार एका बोटानं लागायला लागलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

अष्टमीच्या संध्याकाळी हत्यारं धुऊन पूजेला मांडायची घाई उडाली. खंडेनवमीला आमच्या धंद्यात हत्याराला कोणी हात लावत नाही. त्या दिवशी ते देव.

नवमीला दुपारी व्यापारी गाडी न्यायला आले, बरोबर त्यांची म्हातारी आई. मिस्त्री मला म्हणाले, "मला धुरकट दिसतंय. दार एकदा बघून घे की."

मी वाकलो. खालच्या बिजागरीची पिन अर्धं बोट वर आलेली. पिनेचं खालचं टोक ठेचून पसरवायचं असतं, म्हणजे ती वर सरकत नाही. वरच्या बिजागरीचं त्यानं केलं होतं, खालच्या बिजागरीचं घाईत राहून गेलं होतं. दहा-वीस मैलांत पिन निसटली असती, आणि म्हातारी त्याच बाजूला बसणार होती. एवढं सगळं मला दिसलं, आणि लई बरं वाटलं. निखळू दे दार भर रस्त्यात, मग बघू कुणाची बोटं हलकी ती. हत्यारं तर पूजेत आहेत, आपण काय करणार, अशी सबबही तयार होती.

"ठीक हाय," मी म्हणालो.

म्हातारी आत बसली, दाराला टेकून. तेवढ्यात तो तिला प्रसाद द्यायला आला. जाता जाता सवयीनं बिजागरीवरून बोट फिरवलं आणि थबकला. तसाच पूजेपाशी गेला आणि हळदकुंकू लावलेली हातोडी उचलली. झेंडूची फुलं खाली पडली. "अरे, आज न्हाई हात लावायचा," कुणीतरी म्हणालं. त्यानं म्हातारीला उतरायला लावलं, पिन खाली बसवली, टोक ठेचलं आणि हातोडी जागेवर ठेवून त्या हातोडीच्याच पाया पडला.

ठोके ऐकून मिस्त्री उठून आले. "काय झालं?"

"चूक माझी हाय, मिस्त्री," तो म्हणाला. "टोक ठेचायचं ऱ्हायलं होतं. दादांनी बघितलं तवा पिन बसलेली असंल. गाडी हादरल्यावर वर आली."

माझ्याकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही. त्यानं मला वाचवलं होतं, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. मेला चांगुलपणातही पुढं.

मिस्त्री माझ्या दिशेनं तोंड करून हळूच म्हणाले, "गाडी कालपास्नं जागची हलली न्हाय की."

कमरेची दुकानाची किल्ली सोडून त्यांनी त्याच्या हातावर ठेवली. दसऱ्याची वाटही पाहिली नाही.