बाद ठरवलेल्या कृत्तिका

दिनांक ११ फेब्रुवारी रोजी सायंकाळी आकाशप्रेमी मंडळाच्या सभागृहात 'नवोदितांनी कोणती उपकरणे घ्यावीत' या विषयावर मंडळाच्या चिटणीसांचे व्याख्यान झाले. रात्रीच्या आकाशाचे फोटो काढू इच्छिणाऱ्याने स्वस्तातले काही घाईने घेऊ नये, थांबावे, अभ्यास करावा आणि घ्यायचे ते एकदाच व उत्तम घ्यावे, असे त्यांनी सांगितले. मी उभा राहून हरकत घेतली. प्रश्न असेल तर विचारा, तक्रार असेल तर लेखी द्या आणि बाहेर चहा गार होतो आहे, असे मला उत्तर मिळाले. श्रोते चहाकडे वळले. हरकतीची नोंद झाली नाही. म्हणून ती येथे लेखी देत आहे, आणि ती समजावी यासाठी एका माणसाची हकिगत सांगणे मला भाग आहे.

तो माणूस म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही त्यांना दाजी म्हणतो. त्यांची सारी नोकरी एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात, एक्स-रे विभागात गेली. बिनखिडकीची खोली, शिशाचा जड दरवाजा, खुंटीला टांगलेला शिशाचाच एप्रन आणि पाठ टेकताच अंगावर काटा यावा असे थंड टेबल. "श्वास घ्या, धरा, सोडा" हे शब्द दाजींच्या जिभेवर असे बसले होते की घरी पाहुण्यांचा फोटो काढतानाही तेच बाहेर पडत, आणि सगळे पाहुणे गाल फुगवून उभे राहत.

त्या खोलीची एक शिस्त होती. डॉक्टरांनी लिहून दिल्याखेरीज बटण दाबायचे नाही. दाबायचे ते एकदाच, कारण फोटो बिघडला तर दुसऱ्या खेपेचे किरण रुग्णाच्या अंगात विनाकारण जातात. त्यातूनही फिल्म बिघडलीच तर ती तत्काळ बाद पेटीत टाकायची. रुग्णाच्या नजरेस ती पडता कामा नये, नाहीतर तो भलतीच सावली पाहून हबकतो. विभागात सर्वांत कमी फिल्म दाजींच्या हातून बाद होत. ही गोष्ट ते स्वतः कधी बोलत नसत. ताई बोलत असे.

"लग्न ठरवताना यांनी माझा फोटोसुद्धा एकच मागवला," ती म्हणायची. "दुसरा बघितला असता तर सुटले असते बिचारे."

"पहिलाच स्पष्ट होता," दाजी म्हणत.

ताई खिडक्यांचे पडदे शिवायची. पडद्यांचे कापड विकणाऱ्या एका दुकानातून मापे यायची आणि पुढच्या खोलीतल्या मशीनवर दिवसभर कापडाचे ढीग सरकत असायचे. आकाशाचा नाद तिचा, दाजींचा नव्हे. तळघरात आयुष्य काढलेल्या माणसाला वर पाहायला तिने शिकवले. जेवणे उरकली की दोघे गच्चीवर जात. मृग, रोहिणी, व्याध ही ओळख तिने करून दिली, पण तिचा खरा जीव कृत्तिकांवर. त्या चिमूटभर पुंजक्यात साधारणपणे सहा तारे दिसतात. ताई सातवा दिसतो म्हणायची.

"मला सहाच दिसतात," दाजी म्हणत.

"मग चष्मा बदला."

हे भांडण त्यांच्या संसाराइतकेच जुने होते आणि ते मिटावे असे दोघांपैकी कोणालाही वाटत नव्हते.

दाजींच्या निवृत्तीनंतरच्या हिवाळ्यात मी एका संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो होतो. आम्ही तिघे गच्चीवर होतो. आकाश धुतल्यासारखे स्वच्छ होते. ताई कठड्याला धरून वर पाहत होती.

"आज ढग आलेत का हो?" तिने विचारले.

दाजी वर पाहतच म्हणाले, "हो, आहेत थोडे."

"मग तुम्ही मान मोडेपर्यंत काय बघताय?"

खाली उतरताना दाजींनी तिचा हात धरला, आणि तिने तो सोडवून घेतला नाही. यावरून मला काय ते कळले.

नेत्रतज्ज्ञ बाईंनी सांगितले की डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. अंधारातली नजर आधी जाते, मग बाजूची. मधली बऱ्याचदा पुष्कळ टिकते, पण खात्री देता येत नाही. ताई बाहेर येऊन बाकावर बसली आणि म्हणाली, "जन्मभर लोकांचे पडदे शिवले, आणि उसवला तो माझाच." दाजींना हसू आले नाही. मलाही नाही. मग तीच पुढे म्हणाली, "उजेडात मला अजून दिसतं. कागदावरचं नीट दिसतं. तुम्ही फोटोवालेच आहात ना? मला कृत्तिका काढून द्या. मोठ्या, कागदावर. बाकीचं आकाश तुम्हाला ठेवा."

एवढेच काम होते. मुदत मात्र कोणालाच ठाऊक नव्हती.

दाजी दुसऱ्याच दिवशी जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात गेले. दुकानदाराने एक वापरलेला कॅमेरा पुढे ठेवला. शटरच्या उघडझापीचा वेळ हाताने ठरवता येत होता आणि लेन्सही बदलता येत होती. "घेऊन जा, काका. नाही जमलं तर परत आणा," तो म्हणाला. पण दाजींचा हात पुढे होईना. कोणा जाणकाराने लिहून दिल्यावाचून बटण दाबायचे नाही हे ज्याच्या हाडीमाशी भिनले आहे, तो कॅमेरा तरी कसा उचलणार? ते आकाशप्रेमी मंडळात गेले. मीच त्यांच्यासोबत होतो, म्हणून पुढचा संवाद ऐकीव नाही.

चिटणीस म्हणाले, "तो कॅमेरा? अहो, त्याचा सेन्सर केवढासा! अंधारासाठी आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की फोटोत नुसते दाणे दिसतील. मोठ्या सेन्सरचा, फुल-फ्रेम घ्या. आणि ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणारं मोटरचं माउंट घ्या, त्याशिवाय अर्थ नाही."

"ते माझ्या पेन्शनच्या आवाक्यातलं नाही," दाजी म्हणाले.

"मग थांबा. जमेल तेव्हा घ्या. आकाश कुठे पळून चाललंय?"

आकाश पळून जात नव्हते हे मान्य. परंतु फोटो कोणासाठी हवा आहे आणि किती लवकर हवा आहे, एवढा प्रश्न विचारायला चिटणीसांचे काय जात होते? दाजींनीही आपणहून सांगितले नाही. रुग्णाचा आजार चारचौघांत बोलायचा नसतो, हीसुद्धा तळघरातलीच शिकवण. मी तोंड उघडले तर त्यांनी माझ्या कोपराला हात लावून मला गप्प केले.

दाजी थांबले. मोठ्या निष्ठेने थांबले. माउंटांची माहिती वाचली, लेन्सची तुलना केली, दोन यंत्रांतला फरक मला इतक्या तपशिलाने समजावला की तो आजही मला पाठ आहे आणि आजही निरुपयोगी आहे. कृत्तिका संध्याकाळी पश्चिमेकडे कलत गेल्या आणि दिसेनाशा झाल्या. ताईची बाजूची नजर आखडली. ती जग नळीतून पाहावे तसे पाहू लागली. दारात कोणी उभे राहिले की मान फिरवून त्याचा चेहरा शोधायची. मशीनवर मात्र अजून बसायची. सुई आणि धागा त्या नळीत मावत होते.

पुढचा हिवाळा तोंडावर आला तेव्हा ती मला म्हणाली, "अर्जदार, चल माझ्याबरोबर." मी कोठे ना कोठे तक्रारअर्ज लिहीत असतो म्हणून तिने मला दिलेले हे नाव. "यांचा अभ्यास संपेपर्यंत मी संपेन."

आम्ही जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात गेलो. पहिला कॅमेरा विकला गेला होता, पण तसाच दुसरा होता. सोबत पन्नास मिलिमीटरची लेन्स घेतली. ती साधी, पण तोंडाने रुंद असल्याने पुष्कळ उजेड आत घेते, आणि नव्या माणसाला याहून स्वस्त आणि उपयोगी लेन्स मिळणे कठीण. कॅमेरा रोवायची तिपाई ताईने स्वतः निवडली. दुकानदाराने दाखवलेल्या हलक्या तिपाईवर तिने तळवा दाबला, ती थरथरली.

"ही नको. माझ्या मशीनसारखी जड दाखवा."

"बाई, ती जुनी आहे, लोखंडासारखी. उचलणार कोण?"

"हा भाऊ नाही, नवरा उचलेल. त्याला बरीच सवय आहे माझी."

अशा रीतीने जे काम मंडळाला आणि दाजींना वर्षभरात उरकले नाही ते ताईने दुपारच्या चहाआधी उरकले. दाजी कॅमेरा पाहून आधी रागावले, मग लहान मुलासारखे खूश झाले.

पहिली निरभ्र संध्याकाळ आली. दाजींनी तिपाई गच्चीवर रोवली, रोहिणीच्या ठळक ताऱ्यावर लेन्सचा फोकस जुळवून घेतला आणि कॅमेरा कृत्तिकांकडे वळवला. स्वतःशीच "धरा" म्हणाले. बटण दाबले. काही सेकंदांनी "सोडा" म्हणाले. मागच्या पडद्यावर चित्र पाहिले, आणि कॅमेरा पिशवीत घालू लागले.

"हे काय? झालं?" मी विचारले.

"हलला आहे. चूक कुठे झाली ते शोधतो. उद्या काढू."

"अहो दाजी, आत्ता आणखी काढा ना! पन्नास काढा! आकाशाला काय इजा होणार आहे?"

खुर्चीवर शाल गुंडाळून बसलेली ताई म्हणाली, "काढा हो. त्या चांदण्या काही गरोदर नाहीत."

दाजी हसले. खरेच मनापासून हसले. पण बोट काही पुन्हा बटणावर गेले नाही. नियम बुद्धीत असता तर आम्ही वाद घालून काढला असता. तो बोटात होता.

तो हिवाळा तसाच गेला. संध्याकाळी एक फोटो, आणि तो बाद. कधी तारे लांबट यायचे, कधी अंधुक. आकाशाच्या फोटोचे मर्म असे की लहान लहान वेळाचे पुष्कळ फोटो काढायचे आणि संगणकावर एकावर एक रचायचे. असे केले की साध्या कॅमेऱ्याचे ते बदनाम दाणे विरून जातात आणि मोटरच्या माउंटावाचूनही तारे उठून दिसतात. दाजींनी हे वाचले होते. तरी पुष्कळ फोटो याचा अर्थ त्यांच्या मनात पुष्कळ चुका असाच होत राहिला.

आणि प्रत्येक बाद फोटो ते तिथल्या तिथे पुसून टाकत.

"दाखवा तरी," ताई जिना उतरताना म्हणायची.

"नीट आला नाही गं."

"मला तरी कुठे नीट दिसतंय? जोडी जमेल."

"नीट आला की दाखवतो. अर्धवट काय दाखवायचं?"

पावसाळ्यात तिची मधली नजरही गेली. नेत्रतज्ज्ञ बाईंनाही ती इतक्या लवकर जाईल अशी अपेक्षा नव्हती. सकाळी सुई सापडेना म्हणून तिने दाजींना हाक मारली. सुई तिच्या समोरच, कापडात टोचलेली होती. त्या दिवसापासून मशीनवर चादर आहे.

पुढच्या हिवाळ्यात दाजींनी कॅमेरा पुन्हा बाहेर काढला. आता फोटो कोणाला दाखवायचा नव्हता, कोणी वाट पाहत नव्हते, आणि नेमके तेव्हाच त्यांचे बोट मोकळे झाले. बॅटरी संपेपर्यंत ते बटण दाबत राहिले. "धरा" नाही, "सोडा" नाही. तेच फोटो एकावर एक रचले आणि कृत्तिका आल्या. निळसर, टपोऱ्या, सहा नव्हे, सात नव्हे, मोजता येऊ नयेत इतक्या. त्याच जुन्या कॅमेऱ्यात, त्याच लहान सेन्सरवर, ज्याला काही अर्थ नव्हता.

दाजींनी ते चित्र पारदर्शक फिल्मवर मोठे छापून आणले. रुग्णालयात मोडीत निघालेली, एक्स-रे पाहण्याची उजेडाची पेटी त्यांनी मागून आणली होती. तिच्यावर फिल्म लावली, दिवा लावला आणि ताईला समोर बसवले. मी दाराशी उभा होतो.

"उजेड आहे समोर," ती म्हणाली. "चौकोनी."

दाजींनी तिचे बोट हातात घेऊन फिल्मवर टेकवले. एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर, सावकाश. "ही एक. ही दुसरी. ही बघ, तुझी सातवी."

"म्हणजे होती ना?"

"होती. मी हरलो."

ती बोट फिरवत राहिली. फिल्म गुळगुळीत होती, बोटाला काहीच लागत नव्हते. मग ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "छान आला असेल. पण मागच्या वर्षीचा बिघडलेलासुद्धा चालला असता हो मला."

दाजींनी उजेडाची पेटी बंद केली. त्यानंतर त्यांनी कॅमेऱ्याला हात लावलेला नाही. चिटणीसांवर त्यांचा राग नाही. "त्यांनी योग्य तेच सांगितलं, मलाच जमलं नाही," असे ते म्हणतात. मी असे म्हणत नाही आणि म्हणणार नाही. थांबण्याचा सल्ला द्यायला काहीच लागत नाही. जो देतो त्याचे काही जात नाही, आणि ज्याचे जाते तो सभागृहात येत नाही.

वाचकहो, माझी मागणी साधी आहे. पहिला कॅमेरा कोणता घ्यावा, असे विचारत कोणी तुमच्याकडे आले, तर त्याला थांबा म्हणू नका. फोटो कोणासाठी हवा आहे ते आधी विचारा. हाताने चालवता येणारा जुना कॅमेरा, उजेड घेणारी साधी लेन्स आणि न हलणारी तिपाई त्याच्या हाती द्या. कपाटात पडून असेल तर स्वतःचे द्या. त्याच संध्याकाळी त्याला गच्चीवर पाठवा, आणि पहिला जो काही वेडावाकडा फोटो येईल तो पुसण्याआधी घरच्या माणसाला दाखवायला सांगा.