आजपासून ओळखतो

आमदारांच्या खराडीतल्या कार्यालयात रहिवासी दाखला घ्यायला गेले होते. आधीच सही करून ठेवलेल्या कागदावर तिथल्या मुलीनं माझं नाव लिहिलं, शिक्का मारला, आणि त्या शाईच्या वासानं मला वीस वर्षं मागं नेलं.

तेव्हा हे आमदार नवे नगरसेवक होते, इथंच पत्र्याच्या शेडमध्ये बसायचे. लेकीच्या शाळाप्रवेशासाठी मी हाच दाखला मागितला.

"ताई, ह्यात लिहिलंय की मी तुम्हाला ओळखतो. मी कुठं ओळखतो? चला, घर दाखवा."

चिखल तुडवत ते आमच्या भाड्याच्या खोलीवर आले. कोरा चहा प्यायले, लेकीचं नाव विचारलं. मग छापलेलं 'दहा वर्षांपासून' खोडून त्यांनी वर लिहिलं, 'आजपासून ओळखतो'. शाळेनं तो कागद परत केला. मी त्यांना मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या.

आज काम दोन मिनिटांत झालं. आमदार मला दहा वर्षांपासून व्यक्तिशः ओळखतात, असं कागदावर आहे. हा कुणी परत करणार नाही.

निघताना ते दारातच भेटले. हात जोडून म्हणाले, "ताई, नवीन राहायला आलात का इकडं?"

मी हो म्हणाले.